पाहुणे राहिले, घर निघून गेलं

व्हर्ना हाल्वर्सनचं घर 'लेडी मॅरिगोल्ड' नावाच्या जहाजाच्या सहाव्या मजल्यावर होतं. दातांचा डॉक्टर असलेला नवरा वारला, तेव्हा तिने मिनेसोटातलं घर बर्फ ओढायच्या फावड्यासकट विकून टाकलं आणि फ्लोरिडाहून कॅरिबियन समुद्रात फेऱ्या मारणाऱ्या या जहाजावर कायमची खोली घेतली. त्याला सहा वर्षं झाली होती. खोली अशी ऐसपैस, की पलंगावर बसल्या बसल्या दाराला, कपाटाला आणि खिडकीला हात लागावा. पण स्वयंपाक दुसऱ्यांनी करायचा, अंथरूण फिलिपिन्सच्या रोडेलने घालायचं, आणि बर्फ फक्त सरबताच्या पेल्यात बघायचा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईला आणखी काय हवं?

तिची नणंद अर्डिस मात्र सगळ्यांना सांगत सुटली होती, की वहिनी बेघर झाली. चर्चमध्ये ती इतक्या कळवळ्याने 'बिचारी व्हर्ना' म्हणायची, की शेवटी लोकच म्हणाले, "मग एकदा जाऊन बघून तरी ये." नाइलाज झाला. जून महिन्यात नवरा डेल्बर्टला घेऊन ती आठवडाभरासाठी दुःख बघायला आली. व्हर्नाने शेजारचीच खोली त्यांच्यासाठी घेऊन ठेवली होती.

"अगं बाई, हे काय?" अर्डिस दारातच म्हणाली. "आमच्याकडे कोट टांगायची जागा याच्यापेक्षा मोठी आहे."

"तुझे कोटही तसेच आहेत," व्हर्ना म्हणाली.

पाहुणचार सुरू झाला. रोडेलने टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला, तर अर्डिसने विचारलं, "याने अंग पुसायचं, की याला गवत घालायचं?" रोज सकाळी रोडेल यायच्या आत ती स्वतःच पलंग आवरून मोकळी व्हायची. रोडेल बिचारा घाबरला. "मॅडम, माझं काम त्यांना आवडत नाही का?"

"तिला देवाचंही काम आवडत नाही," व्हर्ना म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

जेवणघरात अर्डिसने पहिल्याच दिवशी व्हर्नाची खिडकीजवळची खुर्ची पटकावली. शेवंडाच्या दोन बश्या फस्त केल्या, तोंड पुसलं आणि घरच्या जेवणाची सर कशालाच नाही, असा निकाल दिला. मग टेबलावरच्या परक्या माणसांना खालच्या आवाजात, म्हणजे चार टेबलांना ऐकू जाईल इतक्याच, सांगितलं, "हिला मूलबाळ नाही ना, म्हणून हे असं." डेल्बर्ट बशीत मान घालून बसला होता. लग्न झाल्यापासून त्याला तीच जागा सुरक्षित वाटत आलेली.

गुरुवारी जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलं. व्हर्नाने दोघांना बजावलं, "जहाजाच्या घड्याळाने साडेचारला परत. किनाऱ्यावरचं घड्याळ एक तास मागे आहे, ते बघू नका."

"शाळेच्या कचेरीत चाळीस वर्षं मी घंटेवर पोरं हाकली," अर्डिस म्हणाली. "मला वेळ शिकवतेस?"

साडेचार वाजले. कर्ण्यावरून दोघांची नावं पुकारली गेली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. वरच्या मजल्यावर लोक पेले घेऊन कठड्याशी जमले. धक्क्यावरून धावत सुटणारे उशीरवाले बघणं ही तिथली आवडती करमणूक. व्हर्ना एरवी त्यात सगळ्यात पुढे असायची, टाळ्यासुद्धा वाजवायची. आज ती खाली पाहुण्यांच्या खोलीत, पासपोर्ट काढायला आलेल्या अधिकाऱ्यासमोर उभी होती.

"किनाऱ्यावरच्या आमच्या माणसाकडे हे देऊन ठेवतो," तो म्हणाला. "तो त्यांची सोय बघेल. काळजी नको."

व्हर्नाचं लक्ष टेबलावर गेलं. डेल्बर्टच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी तिथेच पडली होती. गुरुवार संध्याकाळचा कप्पा भरलेला, शुक्रवारचा, शनिवारचाही.

"तुमच्या माणसाला अर्डिस माहीत नाही," ती म्हणाली. "तिला स्पॅनिश येत नाही. इंग्रजीतही ती कुणाचं ऐकून घेत नाही."

"मॅडम, पाच मिनिटांत शिडी उचलतील. उतरलात तर जहाज थांबणार नाही."

"मला सांगतोस? सहा वर्षं वरून बघतेय."

तिने डबी आणि अधिकाऱ्याच्या हातातले दोन्ही पासपोर्ट पर्समध्ये आपल्या पासपोर्टशेजारी टाकले आणि खोलीत घालायच्या सपातांवरच उतरून गेली. शिडी वर गेली, दोर सुटले, आणि तिचं घर तिच्या डोळ्यांदेखत शांतपणे निघून गेलं.

वीस मिनिटांनी गवती टोपी सावरत अर्डिस धावत आली. मागून डेल्बर्ट, लालबुंद.

"जहाज कुठे आहे?"

"गेलं."

"तुला टाकून गेलं?"

"मी उतरले. याच्या गोळ्या वर राहिल्या होत्या."

डेल्बर्टने बाकावर बसून गोळी घेतली आणि आठवड्यातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलला. "मी हिला सांगत होतो, ते घड्याळ वेगळं आहे."

"तू गप्प बस!" अर्डिस ओरडली. मग तिची नजर व्हर्नाच्या पायांकडे गेली आणि आवाज खाली आला. "तू सपातांवर आलीस?"

"बूट घालायला वेळ नव्हता."

अर्डिसने डेल्बर्टला बाकावर सरकवलं आणि व्हर्नाला बसायला जागा केली. ज्यांना अर्डिस माहीत आहे, त्यांना याची किंमत कळेल.

हॉटेलातल्या पाण्यापासून पडद्यापर्यंत सगळ्याला तिने नावं ठेवली, पण खिडकीकडचा पलंग आपणहून व्हर्नाला दिला. शुक्रवारी तिघं विमानाने फ्लोरिडाला आली, आणि शनिवारी सकाळी 'लेडी मॅरिगोल्ड' धक्क्याला लागताना बघत उभी राहिली. व्हर्नाने आपलं घर बाहेरून येताना कधी पाहिलं नव्हतं. सहाव्या मजल्यावरची आपली खिडकी ती बोटाने मोजत शोधू लागली.

"एवढं मोठं आहे होय!" अर्डिस म्हणाली, आणि लगेच सावरली. "बाहेरून."

रोडेल त्यांच्या बॅगा घेऊन खाली आला. अर्डिसने कुलपं तपासली आणि त्याला म्हणाली, "आम्ही बरोबर होतो म्हणून बरं. नाहीतर त्या परक्या गावात ही एकटी काय करणार होती?"

रोडेलने व्हर्नाकडे पाहिलं. तिने मान हलवली, जाऊ दे म्हणून. टॅक्सीच्या मागच्या काचेतून डेल्बर्ट बराच वेळ हात हलवत राहिला. मग व्हर्ना वर गेली, दार लावून घेतलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत गाढ झोपली.