जहाजाशेजारी एसटी

"सलीमभाई, तुमच्या लाटांनी घोळ केला," हेडसर म्हणाले.

मी शिडीवर होतो. जानेफळच्या शाळेच्या भिंतीवर जगातली सगळ्यात मोठी जहाजं रंगवायचं काम माझ्याकडे होतं. तेलाचा टँकर, लोहखनिजाचं जहाज, प्रवाशांचं क्रूझ आणि लोखंडी डबे म्हणजे कंटेनर वाहणारं. याच शाळेतला प्रवीण तसल्या कंटेनर-जहाजावर नुकताच नोकरीला लागला होता.

त्याची आई मुक्ताबाई सकाळी चित्र पाहून गेली आणि तिनं पोराला फोनवर बजावलं, बंदर आलं की उतर अन् घरी ये. प्रवीणनं घाबरून हेडसरांना फोन केला. मधेच उतरला तर पहिलीच नोकरी जाणार, मग दुसरी कोण देतो?

मी खाली उतरून लांबून पाहिलं. उभा जन्म टेम्पो आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. टेम्पोवर समुद्र काढायचा तर लाट उसळलेलीच पाहिजे, गिऱ्हाइकाला तीच आवडते. इथंही सवयीनं हात फिरला होता. लाटा पार डेकच्या वर. आधी माझं मलाच हसू आलं, मग त्या माउलीच्या जिवाचा घोर आठवला आणि हसू गेलं.

हेडसर म्हणाले, लाटा पुसा. म्हटलं, नुसत्या लाटा पुसून भागत नाही सर, स्केलच चुकलं. स्केल म्हणजे खरी वस्तू किती पटीनं लहान काढायची ते माप. प्रवीणला विचारलं, त्याचं जहाज चारशे मीटर लांब. शंभर मीटरला भिंतीवर एक मीटर धरलं आणि चारही जहाजं एकाखाली एक नव्यानं काढली. क्रूझ लांबीला कमी, पण उंचीला दांडगं. लाटांची झाली नुसती रेघ.

मुक्ताबाई पुन्हा येऊन म्हणाली, कितीही मोठी काढा, होडी ती होडीच. तिचं काही चुकलं नाही. भिंतीवरचे चार मीटर तिला चारच मीटर दिसत होते.

मग प्रवीणच्या जहाजाखाली त्याच स्केलनं लाल एसटी काढली. तळहाताएवढी. बारीक ब्रशनं पाटी लिहिली, मेहकर.

मुक्ताबाईनं एसटीवर हात ठेवला. मग तोच हात जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकवत गेली.

"हे आपली मेहकर गाडी? अख्खी?"

"हाव मावशी. माणसं भरून."

"अन् माहा प्रवीण?"

डेकवर नखाएवढा माणूस काढला, कामाच्या केशरी डांगरीतला. तिनं तो डोळे बारीक करून पाहिला आणि हेडसरांना फोन लावायला सांगितलं.

"नोकरी सोडू नोको रे बाप्पा," ती पोराला म्हणाली. "पण मले सांग, येवढं मोठं जहाज झाडते कोन? तुलेच लावत असतीन."

प्रवीण अजून जहाजावरच आहे. मी मात्र एक शिकलो. मोठी वस्तू नुसती मोठी काढून मोठी दिसत नाही, शेजारी ओळखीचं काहीतरी लागतं. जहाजांना पुन्हा ब्रश लावायची वेळ आली नाही. एसटी मात्र हात लागून लागून पुसते, तेवढी दरवर्षी जाऊन काढून येतो.