कॅप्टन टीव्हीवर दिसला तो रविवार

टेनिसमधलं मला काहीच कळत नव्हतं. शिकले ते एका माणसाचं वाईट व्हावं म्हणून.

हार्बरफ्रंटला एका ग्रीक मालकाच्या जहाज कंपनीत मी नोकरीला होते. मुख्य ऑफिस ग्रीसमध्ये, सिंगापूरला आम्ही पंधरा-सोळा जण. आमचा मॅनेजरही ग्रीकच. पूर्वी बोटीवर होता, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. पाच जहाजांच्या तपासण्या कधी आहेत, कुठल्या कागदाची मुदत कधी संपते, हे बघणं माझं काम.

एका जहाजाच्या लाइफबोटींच्या तपासणीची मुदत संपत आली होती. मी कॅप्टनला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्याच्या टेबलासमोर उभं राहून. दोन्ही वेळा तो म्हणाला, "पुढच्या बंदरात बघू." पुढच्या बंदरात अधिकारी जहाजावर चढले आणि त्यांनी जहाज अडवून ठेवलं. आठ दिवस.

मग मुख्य ऑफिसबरोबर व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर मालकाचा मुलगा आणि आणखी तिघे. आम्ही सगळे कॉन्फरन्स रूममध्ये.

"हे कसं झालं?" मालकाच्या मुलाने विचारलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," कॅप्टन म्हणाला आणि त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

मी तोंड उघडलं. पण लेखी काहीच नव्हतं. शिवाय सिंगापूरला राहायचा माझा पास या नोकरीवर होता, नवरा त्या वेळी दोन नोकऱ्यांच्या मधे होता आणि मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. मी "सॉरी" म्हणाले. जी चूक माझी नव्हती, तिच्यासाठी अठरा माणसांसमोर सॉरी म्हणाले.

माझी पाचही जहाजं काढून घेतली. मला जुने रिपोर्ट आणि फोटो फायलींमध्ये लावायला बसवलं. बारा वर्षांचा अनुभव आणि हातात पंचिंग मशीन.

कॅप्टनला एकच वेड होतं, टेनिस. तेही सगळं टेनिस नाही, फक्त ग्रीक रक्ताचे खेळाडू. कुणी सायप्रसचा, कुणी ऑस्ट्रेलियात जन्मलेला, कुणाची आई ग्रीक. कुठल्या देशाकडून खेळतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. "आडनाव ऐक," तो म्हणायचा, "आडनाव आमचं आहे." जानेवारीत मेलबर्नची स्पर्धा सुरू झाली की कॉन्फरन्स रूममधल्या टीव्हीवर ग्रीसचा निळा-पांढरा झेंडा लागायचा. तिकडचे संध्याकाळचे सामने आमच्याकडे दुपारी चारला यायचे. सगळ्यांना बोलावून तो सांगायचा, "बघा, मेलबर्नला आमची किती माणसं आहेत! आजोबा बोटीने गेले, नातवंडं इंग्लिश बोलतात, पण स्टँडमध्ये ओरडतात ते ग्रीकमध्ये."

स्टँडमधली ती माणसं खरंच बघण्यासारखी होती. खांद्याला खांदा लावून उड्या मारायची, पंचांनी गप्प करेपर्यंत गात राहायची. मी मागच्या खुर्चीवर बसून त्यांच्यावरही जळत होते. पासिर रिसला आमच्या घरी माझी मुलगी माझ्या मराठी प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, शेवटी सिंगापुरी "लाह" लावून. तिच्यासाठी असं कोण ओरडणार होतं?

मी घरी सामने बघायला लागले. डबल फॉल्ट म्हणजे काय, टायब्रेक कधी होतो, सगळं शिकले, कारण कॅप्टनचा खेळाडू कुठल्या क्षणी कोसळतोय ते मला नीट कळायला हवं होतं. तो हरला की दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू करून ऑफिसात न्यायची.

"आज काय विशेष?" कॅप्टन सुतकी चेहऱ्याने विचारायचा.

"आमच्याकडे सण आहे."

तो दोन लाडू खायचा. "तुमच्यात सण फार," म्हणायचा. मी डबा पुढे करायची, "अजून एक घ्या ना."

घरी मी बेसन भाजत असताना नवरा म्हणायचा, "अगं, सोड आता. चार वर्षं झाली."

"तुला सॉरी म्हणावं लागलं नव्हतं," मी म्हणायची.

दशक संपत आलं तेव्हा एक नवा ग्रीक मुलगा मेलबर्नला पुढे पुढे जाऊ लागला. कॅप्टनचं कामात लक्ष लागेना. आणि नेमकं तेव्हाच त्याला मेलबर्नजवळच्या एका बंदरात आमच्या जहाजाची तपासणी करायला जावंसं वाटलं. मुख्य ऑफिसने परवानगी दिली. शुक्रवारी तो विमानात बसला.

रविवारी दुपारी मी सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत सामना बघत होते. मुलगी शेजारी फोनमध्ये. कॅमेरा ग्रीक स्टँडकडे वळला आणि मुलगीच ओरडली, "आई, that's your boss, lah!" ऑफिसच्या पिकनिकला तिने त्याला पाहिलं होतं.

तोच होता. गालावर निळे पट्टे, गळ्यात झेंडा, तोंड पूर्ण उघडं. मी रिमोट घेऊन चित्र मागे नेलं, थांबवलं आणि फोटो काढला. मग पुढचा दीड तास मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ग्रीक मुलासाठी जीव टाकला. तो जिंकत राहिला तरच कॅमेरा परत परत त्या स्टँडकडे जाणार होता. तो जिंकला. मला कॅप्टनचे सहा फोटो मिळाले, शेवटच्या फोटोत तो रडत होता.

मंगळवारी त्याचा रिपोर्ट फाइल करायला माझ्याकडे आला. रविवारी संध्याकाळी पाच ते रात्री दहा, मेलबर्नच्या वेळेनुसार, तो जहाजावर होता. दोन्ही लाइफबोटी पाण्यात उतरवून बघितल्या, ठीक आहेत. सोबत फोटो. ते मी लगेच ओळखले. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीचे होते, मीच फायलीत लावले होते.

त्या जहाजावर वीस-बावीस माणसं होती. त्यांच्या जिवाची काळजी वाटली म्हणून मी पुढचं केलं, असं सांगता येईल. नवऱ्याला मी तसंच सांगितलं. पण खरं सांगायचं तर ती माणसं मला नंतर आठवली. आधी आठवली ती त्याची वळलेली मान.

मी मेल लिहिला. रिपोर्ट, जुने फोटो, टीव्हीवरचे सहा फोटो, सामन्याची वेळ. त्या व्हिडिओ कॉलला पडद्यावर होते त्या चौघांनाही पाठवला. खाली माझं पूर्ण नाव घातलं. निनावी पाठवण्यात मला मजा वाटली नसती.

दहा दिवसांत त्याला काढलं. जहाजाची तपासणी पुन्हा झाली, तेव्हा एका लाइफबोटीचा हुक गंजून घट्ट बसलेला निघाला.

शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात खोका, त्यात घडी केलेला झेंडा.

"तू मला आधी विचारायला हवं होतंस," तो म्हणाला.

"तुम्ही मला विचारलं होतंत?"

त्याला कशाबद्दल बोलते ते कळायला थोडा वेळ लागला. तो वेळच मला सगळ्यात जास्त लागला. तो ते विसरूनही गेला होता. इतकी वर्षं मी एकटीच ते सांभाळत बसले होते.

"त्या लाइफबोटी?" शेवटी तो म्हणाला. "अगं, त्याला किती वर्षं झाली!"

"हो," मी म्हणाले. "दार ओढून घ्या जाताना."

मला माझी जहाजं परत मिळाली, पाचातली तीन.

काही महिन्यांनी मरीन परेडच्या एका सुपरमार्केटमध्ये त्याची बायको भेटली. आम्ही एक-दोनदाच भेटलो होतो, पण तिने मला ओळखलं. मेल कोणी पाठवला हे तिला माहीत नसावं. तिने माझा हात धरला. म्हणाली, ते आता परत जाताहेत, इथला फ्लॅट सोडला. "तो टेनिस बघत नाही आता. परवा मी लावलं, तर उठून आत गेला."

"अरेरे," मी म्हणाले.

तिच्या हातातली पिशवी जड होती. मी ती टॅक्सीपर्यंत नेऊन दिली, तिने दोनदा आभार मानले. टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले. मला बरं वाटत होतं. वाईट वाटतंय का, ते मी थोडा वेळ तिथेच थांबून बघितलं. मग दूध घ्यायचं राहिलं होतं, ते घ्यायला परत आत गेले.