चार बोटांची दुमड

मी पोलीस खात्यात नोकरी केली ती बहुतेक सगळी बसून. गिरणगावातल्या एका ठाण्यात माझ्याकडे मुद्देमालाची खोली होती. गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू आली की चिठ्ठी लावायची, लाखेचं सील मारायचं, आणि तारीख लागली की जशी आली तशी कोर्टात हजर करायची. एवढंच काम. ते मी एकदा असं काही केलं, की आज ऐंशीच्या घरात असतानाही आठवलं की कान गरम होतात. पण ज्या बाईमुळे निभावलं तिच्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नाही, म्हणून हा खटाटोप.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. रोज मोर्चा, रोज धरपकड. झेंडे, फलक आणि लाठीमारानंतर रस्त्यावर राहिलेल्या चपला पोत्यांनी माझ्या खोलीत येऊन पडायच्या. आमचे फौजदारसाहेब त्या चपलांच्याही नोंदी करायला लावायचे. मी मनातून मोर्चेवाल्यांच्या बाजूचा आणि अंगावर खाकी, त्यामुळे दिवसभर कावलेला असायचो.

अशाच एका दुपारी तिघी आल्या. करी रोडच्या एका चाळीतली तेरा वर्षांची मुलगी, तिची आई, आणि शेजारी राहणारी एक शिवणकाम करणारी बाई. चाळीखालच्या कोळशाच्या वखारीच्या मालकाने मुलीवर अत्याचार केला होता. आईने मुलीला पदराआड घेतलं होतं, मुलगी फरशीकडे बघत होती. बोलत होती ती शिवणवाली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मुलीचा फ्रॉक होता, पाठीमागून कोळशाने काळा झालेला. कोळशाचं कापड आमच्याकडे कोणी घटकाभर तसं ठेवत नाही, लगेच सोड्यात भिजतं. आईने बादली भरलीही होती. या बाईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "डाग गेले तर तुझ्या पोरीचं कोण ऐकणार?" आणि तशीच दोघींना घेऊन ठाण्यात आली.

फ्रॉकला तिथल्या तिथे सील मारायला हवं होतं. लाख वितळवायची, दोन पंच बोलवायचे, सह्या घ्यायच्या. पण दारात पोत्यांची गाडी उभी होती. मी वर्तमानपत्रावर पेन्सिलीने नंबर टाकला, पुडकं फळीवर ठेवलं आणि उद्या करू म्हटलं. ते उद्यावर गेलं ते गेलंच.

काही महिन्यांनी तारीख लागली. पुडकं काढलं तर कागद फाटलेला, फ्रॉकवर डाग आणि त्यावर धूळ. आता माझी अक्कल बघा. न्यायाधीशांसमोर असलं मळकं कापड कसं न्यायचं, असं मला वाटलं. ठाण्याची शिस्तच तशी होती, कोर्टात जायचं म्हणजे गणवेश कडक आणि पट्ट्याला पॉलिश. मी तो फ्रॉक आमच्या गणवेशांबरोबर धोब्याकडे टाकला. दोन दिवसांनी पांढऱ्या ठिपक्यांचा निळा फ्रॉक इस्त्री होऊन आला, तेव्हा मी स्वतःवर खूशसुद्धा झालो.

साहेबांनी तो पाहिला आणि दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "धोब्याचं कुठे बोलू नकोस. होता तसा आणला म्हणायचं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलगी वखारीत कधी आलीच नव्हती, असं मालकाचं म्हणणं होतं. त्याच्याविरुद्ध ते डाग होते आणि ते मी धुऊन टाकले होते. आता भर कोर्टात ती पोर खोटी ठरणार होती.

तारखेच्या आदल्या दिवशी शिवणवाली साक्षीचं विचारायला आली. मला राहवेना. मी फ्रॉक तिच्यापुढे ठेवला. ती कोकणातली, मीही तिकडचाच, त्यामुळे आमचं बोलणं गावच्या भाषेत व्हायचं.

"ह्यो धुतलो कोणी?"

"धोब्यान. मीच दिलंय."

ती आरडाओरडा करील असं वाटलं होतं, आणि तो तिचा हक्कच होता. फ्रॉक तिनेच शिवलेला होता; तिने तो उलटा केला आणि खालच्या दुमडीवरून अंगठा फिरवत गेली. वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवतात आणि दर जूनमध्ये थोडं थोडं सोडतात. एका जागी दुमडीचे टाके तुटून फट पडली होती. तिथून वीतभर पुढे अंगठा थांबला. तिने माझं बोट तिथे ठेवलं. त्या फटीतून आत शिरलेले खडे लागत होते, साखरेच्या दाण्याएवढे.

मी टाके उसवायला निघालो तर तिने फ्रॉक मागे ओढला. "आता नको. कोर्टात उसवूया. पण आधी तुमी खरा सांगा, धुतलो म्हणून. नायतर म्हणतले, वर डाग नाय नि आत खडे, ते मीच घातलंय."

"माझी नोकरी जातली."

"तुमची नोकरी जातली," ती म्हणाली. "पोरीचा काय काय जातला?"

मी फ्रॉक पुन्हा कागदात गुंडाळला आणि या वेळी कपाटात घालून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी मी साक्षीला उभा राहिलो. साहेब मागच्या बाकावर होते, त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सील मारलं नाही, फ्रॉक मीच धुवायला दिला, असं सांगून टाकलं. आरोपीच्या वकिलाला हसू आवरेना. पुरावाच उरला नाही, असं तो म्हणाला.

मग ती आली. डोक्यावर पदर, काखेत मापांची वही. त्या वहीत मुलीच्या मापाशेजारी फ्रॉकच्या कापडाचा तुकडा टाचलेला होता. फ्रॉक तोच, हे तिने आधी त्यावरून पटवलं. मग न्यायाधीशांना म्हणाली, "दुमड उसवून बघा. मी नको, तुमच्या माणसाने उसवावी." कारकुनाने टेबलावर पांढरा कागद पसरला आणि ब्लेडने टाके कापले. कागदावर काळे, चकचकीत खडे पडले. घरातल्या शेगडीला लाकडी कोळसा लागतो, तो चिमटीत चुरडतो. हे चुरडेनात. हा दगडी कोळसा होता, हॉटेलांना पुरवायचा. तो वखारीच्या आतल्या कुलपाच्या खोलीत असायचा आणि किल्ली मालकाच्या कमरेला, हे पंचनाम्यात आलेलंच होतं.

वकिलाने खवचटपणे विचारलं, "एवढं कापड आत ठेवायचं कारण काय?"

"पोर वाढतली ना, साहेब," ती म्हणाली.

मी पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली, मोर्च्यांतली आणि खुर्च्यांवरची. त्या क्षणी मला तिच्याएवढं मोठं कोणी वाटलं नाही. मालकाला शिक्षा झाली. मुलगी खरं बोलते, असं न्यायाधीशांनी निकालात स्पष्ट लिहिलं. त्याच निकालात माझ्या हलगर्जीपणावरही चार ओळी आहेत. मला त्या पाठ आहेत आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. नोकरी राहिली, बदली शीवला झाली.

पुढे अपील फेटाळलं गेलं आणि फ्रॉक परत द्यायचा हुकूम आला. ते काम आता माझं नव्हतं, पण मी मागून घेतलं. मुलीच्या आईने तो हातात घ्यायलाही नकार दिला, म्हणून शेजारच्या खोलीत गेलो. शिवणवाली मशीनवर होती. त्याच मुलीचा शाळेचा नवा फ्रॉक शिवत होती. तिने जुना फ्रॉक झटकला, उसवलेली दुमड पूर्ण खाली सोडली आणि तो नव्यावर ठेवून पाहिला. तरी दोन बोटं आखूड भरला.

"बघा," ती म्हणाली, "सगळी सोडली तरी पुरणा नाय आता." ती हसत होती. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना प्रथमच पाहिलं. मग मला दाखवायला तिने नवा फ्रॉक उलटा केला. खाली पुन्हा चार बोटं कापड आत ठेवलेलं होतं.