सिस्टरांच्या सहीचं यंत्र

खोटं लिहिणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून किळस. आता रोज दाढी करताना आरशात तोच दिसतो.

मी घरपोच आरोग्यसेवेच्या भांडारात आहे. बँडेज, सुया, हातमोजे आणि गेल्या वर्षापासून रस्ता दाखवणारी नऊ निळी यंत्रं, हे सगळं माझ्या ताब्यात. ज्यांच्याबद्दल सांगतोय त्या सिस्टर आमच्याकडे अठ्ठावीस वर्षं स्कूटरवरून घरोघर फिरल्या. पाठीमागे सगळे त्यांना ‘काटा’ म्हणायचे. रक्तदाब एकशे अडतीस भरला तर त्या एकशे अडतीसच लिहिणार. एकशे चाळीस लिहून मोकळं होणं त्यांना कधी जमलं नाही. पेशंटकडे पोचायला सात मिनिटं उशीर झाला तर तोही स्वतःच्या हाताने लिहिणार. अर्थात बढतीही कधी मिळाली नाही. “माझ्याकडे दुसरं आहे काय? माझी सही खरी असते, एवढंच,” असं म्हणायच्या आणि आम्ही चहा पितापिता हसायचो.

त्यांच्या निवृत्तीला तीन महिने होते. नव्या नर्सना पत्ते सापडत नाहीत म्हणून साहेबांनी हातात धरायची जीपीएस यंत्रं घ्यायचं ठरवलं. तीन कंपन्यांनी एकेक नमुना पाठवला आणि तिन्हींची तपासणी सिस्टरांच्या गळ्यात पडली.

“मला इथली गल्ली न् गल्ली पाठ आहे. ओळखीच्या रस्त्यावर तपासून काय कळणार?” असं म्हणत त्या सुट्टीच्या दिवशी कधी न पाहिलेल्या वस्त्यांमध्ये जायला लागल्या. हँडलला तिन्ही यंत्रं रबराने बांधलेली आणि मागच्या सीटवर वही घेऊन यजमान. यजमान गणिताचे मास्तर, निवृत्त झालेले. एकदा मीही माझ्या गाडीवर त्यांच्या मागोमाग गेलो होतो.

“अहो, आधी कोण बोललं?” सिस्टर विचारायच्या.

“काळं. वळणाच्या शंभर मीटर आधी. पिवळं अगदी वळणावर. निळं अजून विचारच करतंय.”

“निळं तुमच्यावर गेलंय. नीट लिहा.”

तीन आठवडे हे चाललं. कोणतं यंत्र किती आधी सांगतं, उन्हात कोणाचा पडदा दिसतो, हातमोजे घालून कोणाची बटणं दाबता येतात, वळण चुकलं तर नवा रस्ता काढायला कोण किती वेळ लावतं, सगळं सात पानांत उतरलं. काळं पहिलं, पिवळं चालण्यासारखं. निळ्याबद्दल दुसऱ्या पानावर खाली रेघ मारून लिहिलं होतं: ‘सेल बदलले की हे रस्ते सोडून देतं आणि पत्त्याकडे सरळ रेषेत बाण दाखवतं. मध्ये भिंत असो की पाणी. सेटिंग दर वेळी पुन्हा करावं लागतं. नव्या माणसाच्या हे लक्षात येणार नाही. घेऊ नये.’ सातव्या पानावर फक्त तारीख आणि सही.

समितीची बैठक तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत झाली. तिथे उपग्रह कुठून सापडणार? काळं आणि पिवळं ‘शोध चालू आहे’ म्हणत गप्प पडून राहिली. निळ्याचा विक्रेता हुशार. त्याने यंत्रात भरलेला नमुन्याचा प्रवास सुरू केला. टेबलावर पडल्यापडल्या निळ्याचा बाण ऐटीत धावायला लागला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला.

“वा! हे तर बसल्या जागी चालतंय!” साहेब बिस्किट चावत म्हणाले. चार माना नंदीबैलासारख्या डोलल्या. एकालाही जिना उतरून अंगणापर्यंत जावंसं वाटलं नाही. ज्या बाईने तीन आठवडे धूळ खाल्ली तिचे कागद चहाच्या कपाखाली होते.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. “अहवाल जरा बैठकीशी जुळवून घ्या. शेवटचं पान राहू द्या.”

जुळवून घ्या! मी सहा पानं नव्याने टाइप केली, निळं सर्वोत्तम ठरवलं आणि सहीचं पान जसंच्या तसं मागे टाचलं. घरी जाऊन दोनदा भाजी वाढून घेतली आणि पोटभर जेवलो. आता त्या जेवणाचीच जास्त शिसारी येते.

सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांना कोणीच काही सांगितलं नाही. पुढे त्या न्हाणीघरात घसरल्या, पाय मोडला, ऑपरेशनची जखम चिघळली. रोज सकाळी दहाला शिरेतून इंजेक्शन ठरलं, आणि ते द्यायला आमचीच नर्स. मागच्या आठवड्यात पेन्शनच्या कागदांवर सही घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. अकरा वाजून गेले होते, नर्सचा पत्ता नव्हता. तेवढ्यात गच्चीवरून यजमानांची हाक आली.

“अहो, वर या! ती बघा, कालव्यापलीकडे उभी आहे!”

मी वर गेलो. पलीकडच्या काठावर आमची नवी नर्स, दोन मुलांची आई, या घरी पहिल्यांदाच निघालेली, घामाघूम होऊन निळं यंत्र समोर धरून उभी होती. यजमानांनी फोन लावला.

“काका, यंत्र म्हणतंय समोरच आहे. दोनशे मीटर,” तिचा रडवेला आवाज आला. “तासभर काठाने वर-खाली करतेय. बाण इकडेच दाखवतो.”

“अगं, समोर मी आहे आणि मध्ये पाणी आहे! पूल मागे राहिला. कोणाला विचारायचं तरी!”

“विचारून गेलं तर साहेब ओरडतात. यंत्राचाच रस्ता धरायचा असा हुकूम आहे.”

ती पोचली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. इंजेक्शन नीट दिलं. मग भेटीच्या चिठ्ठीवर ‘वेळ दहा’ लिहून सहीसाठी पुढे केली. सिस्टरांनी शांतपणे ‘दहा’वर काट मारली.

“सकाळी सेल बदललेस?”

“हो.”

“वाटलंच. मी लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर.”

नर्स गोंधळली. “पण सिस्टर, हे तर तुम्हीच निवडलंत ना? ट्रेनिंगमध्ये अहवाल दाखवला आम्हाला. साहेब म्हणाले, काट्याची सही आहे, विषय संपला.”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला माझ्याकडे भरपूर शब्द होते, पण त्या बाईसमोर एकही तोंडातून निघेना. “सहा पानं मी बदलली,” मी म्हणालो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाच दिवस न बदललेलं बँडेज उघडताना व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला. “पलीकडे मी होते म्हणून निभावलं,” त्या म्हणाल्या. “श्वास कोंडलेलं कोणी असतं, तर माझ्या सहीने मेलं असतं.”

त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि मागे लिहिलं: ‘अकरा चाळीस. कारण निळं यंत्र. हे घेऊ नये असं मी कळवलं होतं. माझ्या सहीआधीची पानं बदललेली आहेत.’ खाली सही केली. मग चिठ्ठी आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

“ज्याने बदलली त्याने आता खाली लिहायचं.”

माझ्या नोकरीची पाच वर्षं उरलीत. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, बायकोचाही आला. यजमान दारात उभे होते, नर्स पायाच्या बोटांकडे बघत होती. ‘पानं मी बदलली,’ असं मी लिहिलं आणि सही केली.

सिस्टरांनी चष्मा मागवला. चिठ्ठी उजेडात धरली आणि माझी सही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या रेघेपर्यंत सावकाश तपासली.

“ही तुमचीच ना?” त्यांनी विचारलं.