आधी किनार बघ

चेकरअक्कापुढे नवे कपडे घालून जायची सोय नव्हती. ती आधी बाही धरायची, अंगठा आणि बोटात कापड चोळायची आणि मग उलटी बाजू वर करून बघायची. एका लग्नात तिने नवरीच्या शालूचा पदरच उलटून पाहिला आणि वरमाईला शांतपणे सांगितलं, "पुढनं झकास हाय, मागं धागे लई सुटलेत." तिला स्वतःला यात काही वावगं वाटायचं नाही.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती चेकर होती. उजेडाच्या टेबलावर येणारा प्रत्येक टॉवेल बघायचा. बिनखोटीचा तो फर्स्ट, खोट असलेला तो सेकंड. ही वर्गवारी तिने जगालाही लावली होती. जावई सेकंड, दूधवाला सेकंड, शुक्रवार पेठेतला नळ तर रिजेक्टच. कुठल्या माणसाला तिने फर्स्ट म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

तिच्या माडीवरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. माझं गाव अक्कलकोटच्या पुढे, आमच्या घरात कन्नड. तिच्या घरात तेलुगू. भांडायला आणि बोलायला आम्हा दोघींत मराठी. तेलुगू सवयीने ती मला 'अम्मा' म्हणायची, मी तिच्या नातीच्या वयाची असले तरी. लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला एकच वर्ष दिलं होतं. पास झालीस तर पुढे शीक, नाही तर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय.

आणि मी नापास झाले. ऊतींच्या स्लाइड ओळखायच्या प्रात्यक्षिकात. कारण सांगायला आजही लाज वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला सगळं गुलाबी-जांभळंच दिसायचं, म्हणून आम्ही पोरींनी युक्ती काढली होती. कोपरा फुटलेली काच म्हणजे जठर, शाईचा ठिपका असलेली लहान आतडं, ओरखडा असलेली हृदयाचा स्नायू. पाठांतर एकदम चोख. परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मात्र स्वतःची पेटी आणली, आणि तिच्यातल्या सगळ्या काचा लख्ख, कोऱ्या. मी आतड्याला जठर म्हटलं आणि हृदयाला जीभ.

फेरपरीक्षेला दीड महिना होता. घरी कळवायचा धीर झाला नाही. जिन्यात रडत बसले होते, तेवढ्यात अक्का कामावरून आली. तिने डबा बाजूला ठेवला, सगळं ऐकून घेतलं. "मी बी केलंय की असं," ती म्हणाली. नवी असताना गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचा रंग बघून तिने अख्खा गठ्ठा फर्स्टमध्ये ढकलला होता, आणि चिठ्ठ्या बदललेल्या निघाल्या. "तू चिठ्ठी बघितली अम्मा. कापड न्हाय बघितलं."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ती चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायची आणि मी पुस्तकातल्या चित्रांच्या झेरॉक्स घेऊन. रंगीत नकोत, हा तिचा हुकूम. खालची नावंही तिने कात्रीने कापून टाकायला लावली. "आधी किनार बघ. मग वीण. खोट शेवटी." शाळा तिने चौथीत सोडलेली, पण वर्षभर कॉलेजात बसून मला जे दिसलं नाही, ते तिला चष्मा पुसता पुसता दिसायचं.

आतड्याचं चित्र पाहून ती हसलीच. "हे तर आपलं टॉवेल हाय की." खरंच, आतल्या किनारीवर बोटांसारखे उंचवटे दाटीने उभे होते. जठराला ते नव्हते, नुसते खड्डे.

"टॉवेलाला हे वर आलेलं धाग्याचं लूप कशाला असतंय?"

"पाणी टिपायला."

"मग हे काय टिपतंय?"

अन्नातला रस, असं मी म्हणाले, आणि वर्षभर घोकलेली पचनसंस्था मला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्यानंतर नुसतं नाव सांगितलेलं तिला चालेना. काम सांग, म्हणायची. हृदयाच्या स्नायूचे धागे फाटे फुटून एकमेकांत गुंतलेले बघून तिने कागद डोळ्यांजवळ धरला. "लई मजबूत विणलंय," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मग आमच्या मालकाचं कसं काय तुटलं?" तिचा नवरा हृदयाच्या झटक्याने गेला होता.

फेरपरीक्षेत मी सगळ्या स्लाइड बरोबर ओळखल्या. घरी येऊन तिच्या पाया पडले, तर तिने माझा अ‍ॅप्रन उलटून बघितला. आत शाईचा डाग होता. "चालंल," ती म्हणाली. "सेकंडमधला वरचा माल."

आज सोलापुरातच एका लॅबमध्ये मी ऊतींचे काप काढते, रंगवते, चिठ्ठ्या लावते. माझं पोट अक्काच्या विद्येवर चालतं, हे मी कुणालाही सांगेन. डोळे अधू झाल्यावर ती मुलाकडे भिवंडीला गेली आणि यंदा तिथेच वारली. आमचं शेवटचं बोलणं फोनवर झालं.

त्या दिवशी स्लाइड डॉक्टरांकडे पाठवण्याआधी मी सवयीने चिठ्ठी न वाचता बघत होते. एका काचेच्या किनारीवर लूप उभे दिसले. चिठ्ठी वाचली, तर जठर. शेजारच्या काचेवर नेमकं उलटं. दोन रुग्णांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला गेला असता. मी तशीच डॉक्टरांकडे गेले, बोलणी खाल्ली, पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं आणि संध्याकाळी अक्काला फोन लावून झालेलं सांगितलं.

"चिठ्ठ्या कुणी चुकवल्या?" तिने विचारलं.

"मीच, अक्का."

"मग गुपचूप बदलायच्या होत्या की. कुणाला कळलं असतं?"

"नसतं कळलं. पण अजून काही चुकलं असतं तर? म्हणून सांगून टाकलं."

पलीकडे तिने चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"फर्स्ट," अक्का म्हणाली.