चष्म्याची डबी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचे. बाबा कागदावर अंगठा उठवत. सही करणारा घरातला मी पहिला. सही शिकवताना गुरुजींनी बजावलं होतं, "वाचल्याशिवाय करायची नाही. समोर कलेक्टर उभा असला तरी."

त्यांच्या या विद्यार्थ्याची अ‍ॅरिझोनातल्या एका पोलीस ठाण्यात दहाही बोटं शाईवर दाबून घेतली गेली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एम.एस. करत होतो. शाई पुसायला दिलेला कागद आधी कुणीतरी वापरलेला होता, ओलसर. तो स्पर्श अजून आठवतो.

दर रविवारी मी जवळच्या चँडलर गावातल्या एका काका-काकूंकडे जेवायला जात असे. नातं काही नव्हतं. परदेशात भेटलेली मराठी माणसं, म्हणून काका-काकू. काका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, काकूंचा धाकटा भाऊही तिथेच. त्या रविवारी जेवणानंतर मी त्या भावाला माझ्या जुन्या गाडीतून त्याच्या घरी सोडलं. थोडं पुढे पोलिसाने थांबवलं. मागचा दिवा फुटला होता. "आत बघू का?" त्याने विचारलं. साहेबाला नाही म्हणायचं नसतं, एवढंच मला ठाऊक. "येस सर" म्हणत मी खाली उतरलो आणि दार स्वतः उघडून धरलं. शेजारच्या सीटखाली चष्म्याची डबी निघाली, डबीत गांजा. झाकणावर देवनागरीत नागपूरच्या एका चष्मेवाल्याचं नाव. डबीवर भारतीय अक्षरं, गाडीत भारतीय माणूस. पोलिसाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने पुढची तारीख देऊन सोडलं. काका न्यायला आले. संध्याकाळी त्यांच्या टेबलावर मी सगळं सांगितलं. नागपूरच्या दुकानाचं नाव घेताच काकूंच्या भावाने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. पुसतच राहिला. काकूंनी न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.

"हे बघ, प्रॅक्टिकल हो," काका म्हणाले. "माझा लॉयर आहे, या घराचे पेपर त्यानेच केले. गिल्टी म्हण, फाइन मी भरतो, मॅटर क्लोज."

"पण काका, डबी माझी नाही."

"कोणाची ते कोण विचारतंय? गाडी तुझी ना?"

"याचं ग्रीन कार्ड महिन्यावर आलंय रे," काकू म्हणाल्या. "तुझं काय अडतंय? परत जावं लागलं तरी तुम्हा लोकांना तिकडे जागा राखीव असतातच."

भाऊ हसला. "रिलॅक्स यार. पहिल्या वेळी काही करत नाहीत."

घास तोंडात फिरायला लागला. मी तो गिळला. त्यांच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या गिळण्याचीच मला जास्त किळस येते. वर्षभर त्यांचं मीठ खाल्लं होतं. त्याला जागायचं म्हणून मी त्या वकिलाकडे गेलोही.

कागद तयारच होता. वकिलाने मला एकही प्रश्न विचारला नाही, पेनाचं टोपण मात्र काढून दिलं. मी वाचायला लागलो तसा तो घड्याळ बघू लागला. तिसऱ्याच ओळीत होतं, हा पदार्थ मी जाणूनबुजून जवळ बाळगला.

"यामुळे माझ्या व्हिसाचं काय होईल?"

"तो माझा विषय नाही," तो म्हणाला.

मी टोपण लावून पेन परत केलं.

ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्टच वकील देतं, हे मला विद्यापीठाच्या सल्ला-खोलीत कळलं. मला मिळालेल्या वकीलबाईंच्या टेबलावर फायलींचे ढीग होते आणि अर्धं खाल्लेलं सँडविच. त्यांनी पोलिसांचा कागद वाचला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तू चष्मा लावतोस?"

"नाही."

"कधी लावायचास?"

"कधीच नाही."

इतक्या दिवसांत एवढंसं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी समजावलं: गाडी आपली म्हणून तिच्यातला माल आपला ठरत नाही. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायचं असतं. आणि मी कबुली दिली असती तर दंडावर भागलं नसतं. तेवढ्यावरून परदेशी विद्यार्थ्याला देशाबाहेर काढता येतं. पदवीच्या आधीच.

"डबी कोणाची?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली.

"असू दे. तुझी नाही, एवढंच आपल्याला पुरे आहे."

सरकारी वकिलाने खटला मागे घेतला. पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. "अरे, कार्ड आलं! रविवारी सत्यनारायण ठेवलाय. ये, झालं गेलं विसर."

मागून काकू ओरडल्या, "त्याला म्हणावं, येताना बर्फाची पिशवी घेऊन ये."

मी फोन ठेवला आणि साबण लावून हात धुतले. त्या रविवारी खोलीवर बसून गुरुजींना पत्र लिहिलं:

"आदरणीय गुरुजी, सप्रेम जयभीम.

हे पत्र बाबांना पूर्ण वाचून दाखवू नका. मला इथे एक दिवस कोठडीत ठेवलं होतं. गुन्हा माझा नव्हता, आता खटलाही उरलेला नाही. ज्यांना मी आपले समजत होतो, त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. तुमची आठवण झाली. मी तो वाचला आणि सही केली नाही. पोलिसाला मात्र मला नाही म्हणता आलं नाही, दार मीच उघडून दिलं. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं, तेवढं वर्गातल्या मुलांना शिकवा, ही विनंती. पदवी मे महिन्यात मिळेल. बाबांना फक्त तेवढं वाचून दाखवा.

आपला विद्यार्थी"