विनायक गेज सोडून का उठला होता

विनायक त्या दिवशी लघवीला गेला नव्हता.

आज सकाळी तो वारला. हार्ट अटॅक. बनारसला, रामघाटावरच्या घरी.
बातमी आल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये.

साइटच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, "तोच ना, ज्याने गेज रोलरखाली घातलं?"
तोच. पण आता पूर्ण ऐका.

बनारसबाहेर रस्त्याचं काम होतं. मी साइट इंजिनीअर, पुण्याहून गेलेलो. विनायक पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, मराठी भिक्षुकाच्या घरातला. न्यूक्लिअर गेज त्याच्या ताब्यात. भराव नीट दाबला गेलाय का ते मोजणारी पिवळी पेटी, आत किरणोत्सारी सोर्स. ती जमिनीवर असेपर्यंत सोडून हलायचं नाही, हा नियम.

तो म्हणायचा, "दादा, हे आईच्या सोवळ्यासारखंच. मध्ये उठायचं नाही, कुणाला छूने द्यायचं नाही."

त्या दिवशी एकादशी. त्याच्या आईने माझ्यासाठीही साबुदाण्याची खिचडी दिली होती. घरचं खाऊन मला महिने झाले होते.

मी शेडमधून ओरडलो, "विन्या, गार होतेय! दोन मिनिटं ये!"
"रीडिंग चालू आहे, दादा."
"अरे, साहेब मी आहे ना? ये म्हणतो तर!"

तो आला. पहिला घास घ्यायच्या आत रोलर मागे आला. कडकन आवाज झाला.

विनायक धावला. सगळ्यांना लांब केलं, फक्कीने मोठा गोल आखला आणि बाहेर उभा राहिला.
रोलरवाला हसला, "का पंडितजी, छूत लग जाई का?"
सेफ्टी ऑफिसर मीटर घेऊन येईपर्यंत तो उन्हात, उपाशी, तिथेच. सोर्स शाबूत निघाला. कुणाला काही झालं नाही.

चौकशीत विचारलं, कुठे गेला होतास?
मी शेजारीच बसलो होतो.
"लघवीला."

बाहेर आल्यावर म्हणाला, "तुम्ही परदेसी माणूस, दादा. तुमची नौकरी गेली तर इथे कोण आहे तुमचं?"

त्याची गेली. मला प्रमोशन मिळालं.
मी गप्प बसलो. भ्यालो होतो, दुसरं कारण नाही.

दर एकादशीला त्याचा फोन यायचा, "दादा, खिचडी खाल्ली?" मी विषय बदलायचो.

त्याच्या आईला, काकूंना, अजून वाटतं, पोराने हयगय केली. रामघाटावरचं कुणी हे वाचत असेल तर त्यांना वाचून दाखवा.
काकू, तो उठला नव्हता. मी उठवला त्याला.

विन्या, भावपूर्ण वगैरे लिहायला हात धजत नाही.
हे तू असताना लिहायचं होतं रे.